काकांची लाल चिंधी

पिंपळे सौदागरमध्ये मला खोली देताना घरमालकांनी एकच चौकशी केली. त्याआधी मी ज्या ज्या दारांत उभी राहिले होते तिथे एकटी का, लग्न कधी, भेटायला कोण कोण येणार, असं सगळं विचारून झालं होतं आणि शेवटी "कळवतो" म्हणून दार लागलं होतं. इथे काका ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. अंगात कंपनीचा जुना निळा शर्ट, खिशाला टेस्टर. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

"आधीची खोली का सोडली?"

"पाणी येत नव्हतं, काका."

"का येत नव्हतं?"

"मोटर जळाली होती."

"का जळाली?"

"ते काही माहीत नाही."

त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "मालकानं नवी बसवली आसंल."

"हो."

"अन् ती बी जळाली आसंल."

जळाली होती खरी. मी तसं सांगितल्यावर काका पहिल्यांदा हसले. "बदललं म्हंजी कळलं न्हाई," ते बोट वर करून म्हणाले. "खोली घे. पर इथं काय बी मोडलं तर आधी मला सांगायचं. परस्पर दुकानात जायचं न्हाई."

असा मालक मिळायला नशीब लागतं, असं मला वाटलं. त्यांच्या मागे काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून मला हाताने काहीतरी खुणावत होत्या. चहा घेणार का विचारतायत असं समजून मी मान हलवली. त्या "पळ" म्हणत होत्या, हे मला राहायला गेल्यावर कळलं.

काका मूळचे पिंपळे सौदागर गावातलेच. त्यांच्या भावांनी जमिनी बिल्डरांना दिल्या, आणि जिथे त्यांची ज्वारी डोलायची तिथे आता उंच उंच सोसायट्या उभ्या आहेत. भाऊ मोठ्या गाड्यांतून फिरतात. काकांनी तरुणपणी पिंपरीतल्या एका कंपनीत नोकरी धरली आणि रिटायर होईपर्यंत तिथल्या मेंटेनन्समध्येच काढली. वाट्याला आलेल्या जागेवर दोन खोल्या खाली, दोन वर, एवढंच घर बांधलं. वरची एक खोली माझी.

त्या कंपनीत एक शिस्त होती. मशीन बंद पडलं की त्याला लाल टॅग लावायचा. टॅग लागला की कुणी हात लावायचा नाही, चालू करून बघायचं नाही, पार्टही बदलायचा नाही. आधी ते का बंद पडलं याचं कारण शोधायचं, आणि कारण सापडलं की ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा. माझ्या चाकणच्या कंपनीतही असले टॅग होतेच, आणि कारखान्यात ही शहाणपणाची गोष्ट आहे हे मी मान्य करते. पण रिटायर होताना माणसं शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी येतात. काका ही शिस्त घेऊन आले. सोबत ग्रीसचा एक डबा.

घरात टॅग नव्हते, म्हणून काकूंची एक जुनी लाल साडी फाडून त्यांनी चिंध्या केल्या. मी राहायला गेले तेव्हा पाण्याच्या मोटरीला चिंधी होती, म्हणून सगळं घर अंगणातल्या नळावरून बादल्या वाहत होतं. हॉलमधल्या पंख्याला चिंधी होती. फाटकाच्या कडीला चिंधी होती, म्हणून फाटक दगड लावून बंद करायचं. काकांच्या स्वतःच्या उंच सायकलीलाही चिंधी होती, आणि ती इतकी जुनी की तिचा लाल रंग जाऊन गुलाबी झाला होता. पण सगळ्यांत जिव्हारी लागलेली चिंधी होती मिक्सरची. मिक्सर बंद पडल्यापासून काकू पाट्यावर चटणी वाटत होत्या. आयटीत काम करणारा त्यांचा मुलगा जवळच्याच सोसायटीत राहायचा. त्याने आईसाठी नवा मिक्सर आणून दिला, तर काकांनी तो खोक्यासकट कपाटावर चढवला.

"जुन्याचं कारण सापडू दे. न्हाई तर हा बी तसाच जळंल."

"कवा सापडायचं?" काकूंनी विचारलं.

"सापडंल तवा."

कारण शोधायची त्यांची रीत म्हणजे 'का' विचारत जायचं. उत्तर आलं की त्या उत्तराला पुन्हा 'का'. हे यंत्रांपुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. शेजारच्या बाई सहज "पोट बिघडलंय" म्हणाल्या तर त्यांना काल काय खाल्लं, ते कधी केलेलं होतं, झाकण होतं का, इथपर्यंत जबाब द्यावा लागे. भावकीत कुणी गेलं की काका भेटायला जात आणि "कशानं गेले?" एवढ्यावर थांबत नसत. "अटॅक आला," कुणी सांगितलं की काका म्हणत, "पर का आला?" मग काकू त्यांच्या शर्टाची बाही धरून त्यांना बाहेर आणत.

मला वाटायचं, या माणसाच्या आयुष्यात नक्की काहीतरी घडलेलं असणार. कुणीतरी कारण न शोधता पार्ट बदलला असेल, मशीन सुरू केलं असेल आणि कुणाची तरी बोटं गेली असतील. एकदा बादल्या भरता भरता मी काकूंना हळूच विचारलं.

"कशाची बोटं अन् कशाचं काय," काकू म्हणाल्या. "आमच्या लग्नात मंगळसूत्राचा दोरा तुटला, तर भटजीला थांबवून दोरा का तुटला त्ये बघत बसलं हुतं. मुहूर्त टळाया लागला तवा माझ्या बानं हात जोडलं."

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचा वैताग कळायचा नाही. मी लातूरकडची. मेकॅनिकल डिप्लोमा करून चाकणच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागले होते, तयार पार्ट तपासायच्या विभागात. घरून निघताना मोठ्या भावाशी ठरलं होतं: वर्षभरात कायम झाले तर राहायचं, नाही झाले तर गावी परत, आणि त्यांनी बघून ठेवलेल्या स्थळाला होकार. मी फार हुशारीने हो म्हटलं होतं. काम चांगलं चाललं होतं. साहेब खूश होते. फक्त पहिल्या शिफ्टची बस नाशिक फाट्याच्या उड्डाणपुलाखालून भल्या पहाटे सुटायची आणि कुणासाठीही थांबायची नाही. ती चुकली की चाकणला वेळेत पोचणं अशक्य. त्या वेळी रिक्षा सापडत नाही, सापडली तर रिक्षावाला झोपलेला असतो. म्हणून मी नोकरी सोडून चाललेल्या एका मैत्रिणीची सायकल घेतली होती. नदीवरचा पूल ओलांडला की कासारवाडी, तिथून फाटा. सायकलीने आरामात पोचायचे.

वर्ष संपत आलं होतं आणि थंडी पडू लागली होती, तेव्हा ती सायकल बिघडली. पुलाच्या चढावर पायडल एकदम हलकं झालं. पाय गरगर फिरतायत, साखळीही फिरतेय, पण चाक जागचं हलत नाही. मी सायकल ढकलत पळत सुटले, बस गेली, आणि माझ्या नावावर उशीर लागला. साहेबांनी बोलावून घेतलं. "हे आताच करायचं का? कन्फर्मेशनची फाइल माझ्या टेबलावर आहे. परत असं झालं तर मला तुझी बाजू घेणं अवघड जाईल."

परत येताना मी सायकल कासारवाडीतल्या दुकानात दाखवली. मागच्या चाकाच्या मध्यावर, साखळी बसते ती दातेरी चकती असते ना, तिला फ्रीव्हील म्हणतात. तिच्या पोटात स्टीलचे दोन छोटे तुकडे असतात, दुकानदार त्यांना कुत्री म्हणतात. पायडल मारलं की ती दातांत अडकून चाकाला फिरवतात, आणि पाय थांबवला की दातांवरून टिक टिक करत घसरतात. माझी कुत्री अडकत नव्हती. "नवीन फ्रीव्हील टाकू, ताई. चहा पिऊन होईपर्यंत काम होतंय," दुकानदार म्हणाला. पण नेमका माझ्या मापाचा माल संपला होता. "उद्या घेऊन या."

मी सायकल घरी आणली, अंगणात लावली, वर जाऊन तोंड धुतलं आणि खाली बघते तर मागच्या चाकाला लाल चिंधी.

"काका, मला उद्या दुकानात न्यायची आहे ती."

"का मोडली?"

"फ्रीव्हील गेलंय."

"फ्रीव्हील का गेलं?"

"काका, ते बदलायचं आहे. नवीन मिळतं. चहा पिऊन होईपर्यंत बसतं."

"बदललं म्हंजी कळलं न्हाई," काका म्हणाले, आणि पुन्हा खुर्चीत बसले.

एकट्या मुलीला खोली देणाऱ्या माणसाशी भांडायची माझी छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी काका दुपारचे झोपले असताना काकू दबक्या आवाजात म्हणाल्या, "ने गं तू. मी बघते काय त्ये." मी चिंधी सोडून खिशात घातली आणि सायकल दुकानात नेली. दुकानदाराने चाकाकडे पाहिलं, मग चाकाच्या आरीत अडकून राहिलेला लाल धागा चिमटीत धरला.

"ताई, तुम्ही त्या काकांकडं राहता का?"

"हो."

"मग मी हात लावणार नाही. मागं त्यांच्या पंक्चरचं काम घेतलं होतं. चार दिवस दुकानात येऊन बसले. खिळा कुठनं आला म्हणून रस्ता बघायला मला घेऊन गेले. गिऱ्हाईक पळून जातंय हो."

मी सायकल परत आणली आणि चिंधी निमूटपणे जागेवर बांधली. दुसरं दुकान लांब होतं, तिथे जायला मला रविवारशिवाय वेळ नव्हता; तोवर पहाटे पळतच बस गाठत राहिले, आणि रविवारी काकांनी स्वतःच सायकल उघडायला घेतली.

तो सोहळाच होता. काकूंची कणीक मळायची परात अंगणात आली. काकांनी फ्रीव्हीलचं झाकण खोललं आणि आतले बारीक छर्रे परातीत टणाटणा सांडले. काकू दारातून बघत होत्या, पण परात गेल्याचं दुःख चेहऱ्यावर येऊ देत नव्हत्या. काकांनी सगळं डिझेलमध्ये धुतलं, भिंग लावून पाहिलं, आणि विजयी मुद्रेने केसाएवढी एक तार चिमट्यात धरून माझ्यापुढे नाचवली. कुत्र्यांना उभं ठेवणारी स्प्रिंग तुटली होती.

"का तुटली?" काकांनी मला विचारलं.

"मला काय माहीत, काका."

"गंजली. का गंजली? पाणी गेलं. का गेलं?" ते उठले, नळापाशी गेले, आणि नळापासून सायकल लावायच्या जागेपर्यंत बोटाने हवेत रेघ ओढली. "तू बादली भरतीस तवा पाणी उडतं. सायकल हितंच लावतीस. म्हंजी कारण कोण?"

कारण मी. पाण्याची मोटर चिंधी बांधून बंद ठेवली म्हणून मी बादल्या भरत होते, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. काकूंनीही गिळलं असावं, कारण त्या एकदम आत गेल्या.

नवी स्प्रिंग त्यांनी स्कूटरच्या जुन्या क्लच केबलमधला एक तंतू काढून बनवली. हात खरंच चांगला होता, त्याबद्दल तक्रार नाही. मग तो ग्रीसचा डबा आला. कंपनीत मोठमोठ्या बेअरिंगांना भरायचे ते ग्रीस, पिवळं आणि चिक्कट. काकांनी बोटाने फ्रीव्हीलच्या पोटात ते गच्च भरलं, झाकण बसवलं आणि चाक फिरवलं. चाक फिरलं. टिक टिक मात्र बंद झाली होती.

"आवाज गेला का न्हाई?" काका म्हणाले. "मशीनचा आवाज म्हंजी मशीनची तक्रार."

दुपारच्या उन्हात मी अंगणात दोन फेऱ्या मारल्या. सायकल लोण्यासारखी चालली. काकांनी स्वतःच्या हाताने चिंधी सोडली आणि मी अगदी मनापासून त्यांचे आभार मानले.

सोमवारी पहाटे फाटकाबाहेर पडले आणि पहिल्याच पायडलला पाय रिकामा गेला. नदीकडून गार वारा येत होता. मी पायडल मारतेय आणि चाक उभंच. पुन्हा पळाले. त्या दिवशी बस थोडक्यात मिळाली. दुपारी परत आले आणि काकांना सांगितलं. त्यांनी चाक उचललं, पायडल फिरवलं. चाक फिरलं.

"चालतीय की."

"सकाळी चालंना झाली होती, काका."

"माझ्याकडं चालतीय."

मंगळवारी तेच. दुपारी सांगितलं, तेच उत्तर. बुधवारी काकांनी मला पायडलवर पाय कसा ठेवायचा ते शिकवलं, कारण सायकलीत दोष नाही म्हटल्यावर तो चालवणाऱ्यात असणार. "ऑपरेटरची चूक," असं त्यांनी शेजारच्या बाईंनाही सांगितलं. त्या बाईंनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. गुरुवारी मी चालतच निघाले, पुलावर धाप लागली आणि बस माझ्या डोळ्यांदेखत वळली. दुसरा उशीर. साहेब या वेळी रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "शुक्रवारी फाइल वर जाते. उद्या तरी वेळेत ये. उद्या नाही आलीस तर मी काही करू शकणार नाही."

त्या दुपारी मी काकांसमोर उभी राहिले.

"काका, मी रोज सांगतेय. सकाळी चालत नाही. उद्या माझी नोकरी जाणार आहे. तुम्ही एकदा पहाटे उठून बघा."

"पहाटे?" काका म्हणाले.

काकू हातातलं काम सोडून दारात आल्या. मी काय मागितलं होतं ते मला नंतर कळलं. सगळं आयुष्य पहिल्या शिफ्टला काढल्यावर काकांनी शपथ घेतली होती की रिटायर झाल्यावर सूर्याच्या आधी उठायचं नाही, आणि ती एकदाही मोडली नव्हती. सख्ख्या पुतण्याचं लग्न पहाटेच्या मुहूर्ताचं होतं, तेव्हाही ते जेवायलाच गेले होते.

"बरं," ते म्हणाले. "येतो."

शुक्रवारी मी अंधारात तयार होऊन फाटकाशी उभी. काका उठले होते, पण माकडटोपी सापडत नव्हती. टोपी सापडली तर बॅटरी सापडेना. बॅटरी सापडली तर तिचे सेल संपलेले. मी एकटी चालत निघाले असते तर एव्हाना पुलावर पोचले असते, आणि मीच आव्हान दिलेलं असल्यामुळे मला जाताही येईना. आतून काका विचारत होते, "सेल का संपलं?" मी त्या पहाटे फाटकाच्या दगडावर डोकं आपटून घ्यायचीच बाकी होते.

शेवटी ते मोबाइलचा उजेड घेऊन बाहेर आले. मी पायडल मारलं. पाय रिकामा गेला.

काका उकिडवे बसले, चाकाशी उजेड धरला आणि म्हणाले, "परत मार." मी मारलं. "परत." चाक तसंच उभं. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मला आजही आठवतं. तो राग नव्हता की खजीलपणाही नव्हता. त्यांना आनंद झाला होता.

"हितंच मरतंय," ते म्हणाले. "तू बस. पाय मारत राहा. मी ढकलतो. कवा धरतंय त्ये मला बघायचंय."

"काका, बस जाईल."

"बस की मंग लवकर."

मी बसले. काकांनी मागून कॅरिअर धरलं आणि सायकल ढकलत पळू लागले. त्या वयाचा माणूस, माकडटोपी घातलेला, एका हातात मोबाइल, रस्त्यावर फिरायला आलेली सोसायट्यांतली माणसं थांबून बघतायत, आणि मी सायकलवर बसून हवेत पाय मारतेय. लाज, भीती आणि हसू एकदमच येत होतं. पुलाचा चढ लागला. मागून त्यांचा श्वास ऐकू येत होता. "काका, सोडा, मी पळत जाते," मी म्हटलं. "पाय थांबवू नको," एवढंच उत्तर आलं.

पुलाच्या मध्यावर रस्त्याला एक सांधा आहे. चाक त्यावर आदळलं, आत खट् झालं आणि पायडल एकदम जड लागलं. धरलं होतं. सायकल त्यांच्या हातातून सुटून पुढे झेपावली.

"धरलं!" मागून काका ओरडले. "थांब! तशीच थांब! मला बघू दे!"

मी थांबले नाही. पाय क्षणभर जरी थांबवला असता तरी ते पुन्हा सुटलं असतं, हे मला पायांनाच कळत होतं. मी मागे वळूनही पाहिलं नाही. "थांब गं, थांब!" हे लांब लांब जात राहिलं. कासारवाडीच्या उतारावरही मी पायडल मारत राहिले. मेट्रोच्या खांबांखालून वळले तेव्हा बसचं इंजिन सुरू झालेलं होतं. मी टपरीला सायकल टेकवली आणि चालत्या बसच्या दाराला हात घातला. साहेबांनी मला हजेरीला उभी पाहिलं आणि फाइल उचलून वर गेले.

दुपारी सायकल घेऊन आले तर काका अंगणात परात मांडून वाट बघत बसले होते. मला काही न विचारता त्यांनी आधी आत जाऊन फ्रीज उघडला आणि एक वाटी आणली. वाटीत ग्रीस होतं. त्यात आगपेटीची काडी रोवली होती, आणि वाटी उलटी केली तरी ती काडी हलत नव्हती.

"गारठलं की बसतंय," ते म्हणाले. "त्यात कुत्री रुतत्यात. दुपारी ऊन लागलं की सुटत्यात. म्हणून माझ्याकडं चालत हुती."

"माझ्या फ्रीजात ग्रीस?" काकूंनी आतून विचारलं. "दुधाशेजारी?"

काकांनी फ्रीव्हील पुन्हा उघडलं, सगळं ग्रीस धुऊन काढलं आणि काकूंच्या शिलाई मशीनचं पातळ तेल दोन थेंब सोडलं. चाक फिरवलं. टिक टिक टिक. आवाज परत आला होता. दोघंही आम्ही चाक थांबेपर्यंत ऐकत बसलो.

"तक्रार न्हवती ती," काका म्हणाले. "जागं हाय म्हणून सांगत हुतं."

शनिवारी सकाळी मी खाली आले तर काकांच्या उजव्या मनगटाला लाल चिंधी बांधलेली होती.

"काका, लागलं का काही?"

"न्हाई. ब्रेकडाऊन."

मला काही कळेना. ते चिंधीकडे बघत हळूहळू बोलले. "सायकलीचं कारण ग्रीस. ग्रीस मी भरलं. त्ये सापडलं. पर तू रोज येऊन सांगत हुतीस, सकाळी चालत न्हाई, सकाळी चालत न्हाई. मला ऐकू का आलं न्हाई? त्ये काय सापडंना."

आठवडाभर मला या माणसाचा असा संताप आला होता की खोली सोडायचं मी मनात पक्कं केलं होतं. आता मात्र ते मनातून गेलं. मी जिन्याच्या पायरीवर बसले. मला कुणीही, घरीदेखील, असं कधी म्हटलं नव्हतं.

पण नियम म्हणजे नियम. चिंधी बांधलेल्या हाताने काकांना स्क्रू-ड्रायव्हर धरता येईना. दोन दिवस काकूंनी वाट पाहिली, आणि तिसऱ्या दिवशी मोटरवाल्याला फोन केला. नवी मोटर बसली. पंखा बदलला, फाटकाला कडी लागली. काका खुर्चीत बसून सगळं बघत राहिले. हात मांडीवर, चिंधी वर. कपाटावरून मिक्सरचं खोकं खाली आलं त्या दिवशी काकूंनी मला खास हाक मारून बोलावलं आणि शेंगदाण्याची चटणी ताटलीत घालून दिली.

मी कायम झाले. भाऊ येऊन खोली, कंपनीची बस आणि काकांना बघून गेला, काकांनी त्याला "बहिणीला परत का न्यायची हुती?" इथपासून सुरुवात केली, आणि तिसऱ्या 'का'ला भावाने विषय बदलला. पुढे मी तळेगावला राहायला गेले. तरी दिवाळीला पिंपळे सौदागरला जातेच. काकांच्या मनगटाला चिंधी अजून आहे. जुनी विरली की काकू स्वतः नवी बांधतात.

एकदा मी काकूंना विचारलं, "काकू, तुम्हाला काय वाटतं? का ऐकू आलं नसेल?"

"मला ठावं हाय की," काकू म्हणाल्या. "लगीन झाल्यापासनं ठावं हाय."

"मग सांगा ना त्यांना."

"इचारू दे की ह्यांनी. इचारलं तर सांगीन."

यंदा दिवाळीत मी फराळाचं ताट घेऊन ओसरीत काकांजवळ बसले होते. आत काकू चटणी करत होत्या, मिक्सर घरघरत होता. काका बराच वेळ मनगटाशी चाळा करत होते. मग म्हणाले, "एवढी वर्सं झाली. सगळीकडनं बघितलं. कारण काय सापडंना."

मला राहवलं नाही. "काका, एकदा काकूंना विचारून बघा ना."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, खरोखर नवल वाटल्यासारखं.

"तिला?" ते म्हणाले. "तिला काय कळतंय त्यातलं?"

आत मिक्सर क्षणभर थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.